टायरला सांगितलेलं

माझी आई आणि माझा नवरा एकमेकांचं तोंड बघत नाहीत. भांडण मुळीच नाही. आमच्या वाळवंटातल्या आदिवासींत जावयाने सासूसमोर यायचं नसतं, बोलायचं नसतं, एका सावलीत बसायचं नसतं. मान तो एवढाच आणि एवढा मोठा. ॲलिस स्प्रिंग्ज गावातल्या चित्रांच्या गॅलरीत आलेल्या पाहुण्या बायका हे ऐकून हळहळतात. सासू-जावयांनी रोज समोरासमोर बसून त्यांच्याकडे काय दिवे लावलेत, तेही त्याच मला सांगतात.

तोटा एकच, मधली सगळी हमाली माझी. क्लिफ्टन कांगारू मारून आणतो, त्यातला चांगला वाटा सासूसाठी बाजूला काढतो, आणि तो आईच्या चुलीपाशी पोचवते मी. निरोपही मीच नेते-आणते.

आई, म्हणजे मेव्हिस नापलजारी, गॅलरीची सर्वांत जुनी चित्रकार. गॅलरी इंग्रिडची. आईसाठी कॅनव्हास आणि रंग घेऊन ती स्वतः गाडी हाकत वस्तीवर येते, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते, आणि वर आईची बोलणीही खाते. मी गॅलरीत कॅनव्हास चौकटीवर ताणायचं काम करते.

यंदा क्लिफ्टनने पहिल्यांदाच चित्र काढलं. बापाकडून आलेल्या त्याच्या मुलखाचं: टेकडी, वाळू आणि मधोमध झरा, सगळं आमच्या रीतीने ठिपक्याठिपक्यांनी. इंग्रिडने ते आईच्या चित्रांबरोबरच प्रदर्शनात लावायचं ठरवलं, आणि आमच्या घरातली झोप उडाली. गिऱ्हाइकांना आवडेल की नाही याची त्याला फिकीर नव्हती. एकाच माणसाचं मत त्याला हवं होतं, आणि त्या माणसाशी बोलायची सोय नव्हती.

मी म्हटलं, आईला विचारून तुला सांगते.

"तू नको सांगूस, लोर्ना. तू निरोपात साखर घालतेस."

खोटं कशाला बोलू, घालते. दोघांत गोडी राहिली ती काय उगाच?

आईला विचारलं तर ती म्हणाली, "न बघता बोलायला मी काय गिऱ्हाईक आहे?"

मग मी आणि इंग्रिडने बेत केला. आईने दुपारी गॅलरी रिकामी असताना यायचं, क्लिफ्टनने संध्याकाळी पाहुण्यांबरोबर. आई आली ती टायरला घेऊन. टायर तिचा कुत्रा. गॅलरीत कुत्र्यांना बंदी आहे, पण टायरला अडवलं तर आईही परत फिरते, म्हणून त्याला मुभा. दालनाच्या मध्ये एक आडवी लाकडी भिंत उभी केली होती, तिच्यावर क्लिफ्टनचं चित्र होतं. आई त्याच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसली.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. संध्याकाळपर्यंत कसला दम निघतोय! भिंतीच्या पलीकडे क्लिफ्टन येऊन उभा होता. मला कडेने दोघं दिसत होती. त्याने हातानेच विचारलं, आहे का? मी हातानेच सांगितलं, आहे, पळ. त्याचे पाय हलेनात.

टायरने मात्र भिंतीकडे तोंड करून शेपटी हलवायला सुरुवात केली. आईने त्याच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि डोक्यावरची टोपी डोळ्यांपर्यंत ओढली. आता उठून जाईल असं मला वाटलं. तिने टायरलाच जवळ ओढलं.

"बघ टायऱ्या," ती मोठ्याने म्हणाली, "टेकडी बरी आहे. पलीकडची वाळू घाईत काढलीय. ठिपके देताना माणूस उपाशी असणार."

भिंतीमागे क्लिफ्टनची मान खाली गेली. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लेकीच्या जागी कुत्रा होता, इतकंच.

"पण झरा बघ," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, तरी पलीकडे पोचेल एवढा होता. "लहान असताना मला बापाने खांद्यावर बसवून तिथे नेलं होतं. हेच पाणी प्यायले मी. आज पुन्हा तहान लागली."

मला रडू आवरेना. क्लिफ्टन भिंतीला टेकून उभा राहिला, आणि मग आला तसा मागच्या दाराने निघून गेला. दार लागल्यावरच आई उठली.

दुसऱ्या दिवशी त्याने निखाऱ्यांखाली भाजलेली कांगारूची अख्खी शेपटी माझ्या हातात दिली. "टायरला दे," म्हणाला. "आणि त्याला विचार, वाळू पुन्हा नीट काढली तर बघायला येईल का."

मी शेपटी नेऊन आईपुढे ठेवली आणि टायरला विचारलं. टायर शेपटीकडेच बघत होता. आईने पहिला तुकडा तोडून स्वतःच्या तोंडात टाकला.

"येईल म्हणावं," ती म्हणाली. "पण आधी जेवून काढ म्हणावं."

हा निरोप मी जसाच्या तसा पोचवला.