सारंगीचे माहेर

मित्रांनो, जळकोटच्या वेशीबाहेर बाभळीखाली ज्या जुन्या गाडीत कोंबड्या अंडी घालतात, ती गाडी म्हणजे मी. माझे नाव सारंगी. पण हे माझे सासरचे नाव.

माझा जन्म समुद्रापार झाला. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने आम्हा बहिणींना जहाजातून आणले, नाकावरचे जन्मनाव उपटले आणि तिथे 'सारंगी' अशी चकचकीत पट्टी ठोकली. मांडवात नवरीचे नाव बदलतात, तसेच. जुने नाव फक्त एका जागी उरले. इंजिनाच्या कुशीत ते नंबरासह लोखंडातच कोरलेले होते.

नांदेडच्या दुकानात मला हार घातला. अर्धापूरच्या एका केळीवाल्याने मला गावभर मिरवले. पण दोन-तीन दिवाळ्या गेल्या नाहीत तोच त्या व्यापाऱ्याची सारंगी कंपनी बुडाली. त्या दुकानात कडबा विकू लागले. केळीवाला धास्तावला आणि त्याने मला जळकोटच्या भुजंगला देऊन टाकले.

तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. ज्याला त्याला नव्या कचेरीत काम. पाऊस मात्र पाठ फिरवून बसला होता. भुजंगचे रान करपले, तरी माझ्यावर त्याची चूल पेटत होती.

"बसा मामा, सरका मावशी, अजून एकाची जागा हाय," म्हणत तो माणसे कोंबायचा.

"आरं, ही गाडी हाय का कणगी?" म्हातारे कुरकुरायचे, आणि माझ्यातच बसायचे.

त्याची माय नागुबाई माझ्यावर लेकीसारखी माया करी. दर दसऱ्याला ती माझ्या इंजिनाला शेंदूर-तेल लावी, नेमके त्या कोरलेल्या नावावर. "हितं कायतरी उमटलंय. देवाचीच खूण असंल," म्हणायची. आणि लावता लावता गुणगुणायची:

लेकीचं नाव बदललं मांडवाच्या दारी,
जुनी हाक कोण मारी सासरच्या घरी.

पुटावर पूट चढले. माझ्या नावाचा देव झाला.

एकदा उदगीरच्या चढावर माझा गिअर फुटला, पार चुरा झाला. गॅरेजवाले महादेवप्पा मान हलवत म्हणाले, "भुजंगा, तुझी गाडी म्हंजे बिनमाहेरची बाई. कंपनीच न्हाई, तर सामान कुठून आणू?"

भुजंगने मला बैल जुंपून या बाभळीखाली आणले आणि तुकडे फडक्यात बांधून तो हैदराबादला गेला. परत आला तो माझ्याच पायरीवर बसला.

"माय, तिथं अगदी हिच्यासारख्या आवाजाच्या लई गाड्या हायत, पर नाव निराळं. सारंगी कुणाला ठाव न्हाई. एक दुकानदार म्हणला, कागदावरचा नंबर सारंगीवाल्यांचा हाय, इंजिनावरचा असली नंबर आण, मग सामान देतो."

"मग हुडक की. गाडी बसली तर तुला गाव सोडावं लागंल."

भुजंगने बोनेट उघडले. पट्टीमागे पाहिले, पत्रा पुसला, इंजिनाखाली आडवा झाला. सारे धुंडाळून झाल्यावर त्याने शेंदराकडे बोट केले. "आन् हितं, माय?"

नागुबाईने पदर डोक्यावर ओढला. "तो देव हाय, लेकरा. देवाला खरवडतेत व्हय?"

त्याने हात जोडले आणि तो पुन्हा पट्टीमागे शोधू लागला.

मित्रांनो, तेव्हा माझ्या जिवाचे काय झाले असेल? जरा नख लाव रे भुजंगा, एवढेच मला म्हणायचे होते. पण बॅटरी उतरलेली. मला साधा हॉर्नही वाजवता येईना.

भुजंग पुण्याकडे कामाला निघाला. जाताना त्याने बोनेटवर थाप मारली. "मायकडं बघ गं, सारंगे." मी जन्मभर माणसे पोचवली, आणि त्याला मात्र एस.टी.ने जावे लागले. नागुबाई माझे दार धरून धूळ बसेपर्यंत उभी होती.

तो दिवाळीला येतो, दोन दिवस राहतो. बाकी वर्षभर ती म्हातारी तिन्हीसांजेला माझ्या पुढच्या बाकावर येऊन बसते. सारखे विचारते, "माझ्या सेवेत काय कमी पडलं गं?"

म्हणून सांगते, मित्रांनो, आवडत्या वस्तूला हात जरूर जोडा, पण आधी तिला नीट पुसा, तिच्या अंगावर काय लिहिले आहे ते वाचा. आणि कधी जळकोटला आलात, शेंदूर खरवडून माझे नाव वाचलेत, तर खुशाल वाचा. फक्त नागुबाईला सांगू नका.