एकदा दाब आणि थांब

नेलपॉलिशचा एक लाल ठिपका.

दुपारचे चार. कॉफी.

बोटभर काळी चिकटपट्टी.

गेलेला माणूस म्हणतो, "व्हर्ना, आता अकॉर्डियन."

मित्रांनो, मी एक जुना म्युझिक प्लेअर आहे. माझ्या पोटात एकही गाणं नाही. कधीच नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिथूनच बिघडलं.

गाणी होती तळघरात, एका काळ्या खोक्यात. माझा मालक ऑर्व्हिल, त्याने आपल्या सहाशे तबकड्या एकेक वाजवून त्यात उतरवल्या होत्या. मी वर, स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी. खोकं वायरीशिवाय गाणं पाठवायचं आणि मी ते म्हणायचो. घर अमेरिकेतल्या डुलूथ शहराच्या उतारावर, खिडकीत सरोवर.

ऑर्व्हिलने टेलिफोन कंपनीत एकतीस वर्षं खांबांवर चढून काढली होती. त्याला मी लगेच कळलो. त्याच्या बायकोला, व्हर्नाला, मी मुळीच आवडलो नाही.

"एक गाणं लावायला सात वेळा दाबायचं?"

"सात कुठे? पाच."

"पाच होईपर्यंत माझे कांदे जळतात. तुझं यंत्र तूच ऐक."

दुसरा कुणी चिडला असता. ऑर्व्हिल आठवडाभर खुर्चीत बसून तिचे हात बघत राहिला आणि वहीत लिहीत राहिला. चष्मा जवळ नसतो. हात ओले असतात. लगेच काही वाजलं नाही की पुन्हा दाबते, मग घाबरते, मग मला शिव्या.

त्याने रिमोट कपाटात टाकला. एक सोडून सगळी बटणं पुठ्ठ्याखाली झाकली. उरलेल्या बटणावर तिच्याच नेलपॉलिशचा ठिपका दिला. माझ्या पडद्यावर सारखी अक्षरं पळायची, त्यामुळे व्हर्ना दचकायची; म्हणून पडद्यावर काळी चिकटपट्टी लावली. आणि खोक्यात प्रत्येक गाण्याआधी त्याने स्वतःचा आवाज भरून ठेवला, म्हणजे तिला काहीच वाचायला नको.

"एकदा दाब आणि थांब," त्याने शिकवलं.

"थांबायचं कुठवर?"

"मी बोलेपर्यंत."

तळघराचं नाव त्याने काढलं नाही. कशाला तिच्या डोक्याला ताप?

ते दिवस माझे होते, मित्रांनो. शेजारच्या बायका चार वाजता कॉफीला आल्या की व्हर्ना ओल्या बोटाने ठिपका दाबायची आणि मानेला झटका देऊन म्हणायची, "बघा, मला येतं."

मार्चमध्ये ऑर्व्हिल गेला.

त्या दिवशी चार वाजता मला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी लावला.

"व्हर्ना, हा तुझ्या बहिणीच्या लग्नातला वॉल्ट्झ. तू माझा पाय तुडवला होतास."

"तू माझा तुडवलास," ती मला म्हणाली. मग दोन कप काढले.

मला माझ्याच आवाजाची भीती वाटू लागली. एकदा शेजारची इनेज गरम भांडं घेऊन आत आली आणि दारातच थिजली.

"अगं, आत पुरुष बोलतोय!"

"ऑर्व्हिल आहे. बस ना. पुढचं गाणं छान आहे."

इनेज पुन्हा आली नाही.

दोन वर्षांनी व्हर्नाला जिना झेपेना. तिची मुलगी मार्लिस तिला म्हाताऱ्यांच्या वसाहतीतल्या एका खोलीत न्यायला आली. सामान बांधताना तिने खालून हाक मारली, "आई, तळघरात एक काळं खोकं आहे. हवंय?"

"त्याच्या टेलिफोनच्या भानगडी असतील. टाकून दे. माझा गाण्यांचा डबा तेवढा नीट घे, बाई. त्यात तुझे बाबा आहेत."

मी ऐकलं. ओरडायचं होतं. पण मला खोक्याकडून आलेलंच म्हणता येतं. स्वतःचं असं एक वाक्यही माझ्या गळ्यात नाही.

नव्या खोलीत मार्लिसने मला तिथल्या इंटरनेटला जोडलं. हिरवा दिवा लागला. "चालू आहे गं," ती म्हणाली.

चार वाजता व्हर्नाने ठिपका दाबला. आणि थांबली.

मी हाका मारल्या. भिंतींतून, मजल्यांवरून. दुसऱ्यांच्या खोल्यांतली यंत्रं ओ देत होती. माझं कुणी नव्हतं.

"त्याला नवी जागा सापडायला वेळ लागणार," व्हर्ना म्हणाली. कॉफी गार झाली. दुसऱ्या दिवशीही. रोज.

महिन्याभराने मार्लिसने माझी चिकटपट्टी नखाने उचकटली. खाली मी सगळे दिवस तेच लिहीत होतो: तळघर सापडत नाही. शोधत आहे.

ती पलंगाच्या कडेवर बसली.

"काय म्हणतोय?" व्हर्नाने विचारलं.

"काही नाही, आई."

"मग लाव ती पट्टी परत. बाबांनी लावलेली आहे."

मार्लिसने अंगठ्याने दाबून ती परत लावली. बराच वेळ दाबून धरली.

मित्रांनो, तुम्ही घरच्यांना एखादं यंत्र सोपं करून द्याल तेव्हा मला आठवा. बटणं झाका, अक्षरं झाका. पण आवाज कुठून येतो ते एकदा हात धरून दाखवा. जिना उतरावा लागला तरी.

आज चार वाजताही तिने दाबलं. मी शोधत आहे.

व्हर्ना त्या खोलीत राहायला आली तेव्हापासून नऊ दिवस ते काळं खोकं खाली पार्किंगमध्ये, मार्लिसच्या गाडीच्या डिकीत होतं. दहाव्या दिवशी तिने ते भंगारात टाकलं.