चतुर्दशीला भिजलेले प्लास्टर

मित्रांनो, हर्षिताच्या उजव्या हातावरचे प्लास्टर ते मीच. आता रुग्णालयाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, मळक्या पट्ट्यांमध्ये पडलो आहे. अवघे पाच दिवस जगलो, आणि त्यात एक गोड शब्द माझ्या वाट्याला आला नाही. मीही कुणाला जीव लावला नाही.

दिवाळीच्या फराळासाठी जयनगरच्या घरी आत्या सोयराबाई चकल्या तळत होत्या. त्यांनी सहा वर्षांच्या हर्षिताला चव बघायला जवळ बोलावले आणि कढई कलंडली. तळहात भाजला. पुढे डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून तिथे लावली आणि बोटे आखडू नयेत म्हणून वर मला चढवले. हर्षिताच्या आईला, निवेदिताला, त्यांनी बजावले, "पाणी लावायचं नाही. आत काही खुपसायचं नाही. हात उशीवर उंच ठेवा. बोटं सुजली, गार पडली, वास आला की लगेच या."

घरी माझे स्वागत शिव्यांनीच झाले. हर्षिता मला टेबलावर आपटून ओरडे, "हा घाण दगड काढा!" सोयराबाई म्हणत, "जखमेला वारा नाही, हळद नाही, हे कसलं औषध?" पोर भाजल्यापासून निवेदिता नणंदेशी भांडी आपटूनच बोलायची. मला तर त्या घरातले कुणीच आवडत नव्हते.

तिसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती. या दिवशी तेल लावून न न्हाणाऱ्याची पीडा वर्षभर सुटत नाही, असे सोयराबाईंचे ठाम मत. निवेदिताने आदल्या दिवशीच नाही म्हणून सांगितले होते. पण ती फुले आणायला बाहेर पडताच आत्याने माझ्यावर चिकपेटच्या साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी बांधली.

"आत्या, आई ओरडेल."

"स्वल्प तेल आणि दोन तांबे पाणी. तुझी पीडा जाऊ दे, बाळा."

पिशवीला तळाशी भोक होते. पाणी आत शिरले आणि मी मऊ पडलो. आत्याने मला टॉवेलने टिपले आणि हर्षिताच्या कानात सांगितले, "आईला सांगायचं नाही, सरी? कळलं ना?" म्हातारीचा तेव्हा मला इतका संताप आला! पण मला तोंड कुठे होते?

दुसऱ्या दिवशी हर्षिता आतून चुरचुरते म्हणून रडली. निवेदिताला वाटले, नेहमीचा हट्ट. ओल्या अंगाने मी ती कातडी कुजताना बघत होतो. मला एकच गोष्ट करता येत होती, ती मी केली. मी घाण वास सोडला.

पाचव्या दिवशी सकाळी निवेदिताने वाकून हुंगले. बोटे चाचपली, ती सुजली होती. "कोणी भिजवलं हे?"

हर्षिता आत्याकडे बघत राहिली. सोयराबाई भिंतीला टेकल्या. "मी. माझ्याच हातून भाजली ना ती. वाटलं, न्हाऊ घातलं की पीडा जाईल."

"अक्का, आगीतून काढून फुफाट्यात टाकलीत तुम्ही पोरीला! आणि दोन दिवस गप्प बसलात?"

रुग्णालयात यंत्राने मला कापले. डॉक्टर म्हणाले, "करंगळीकडची कातडी गेली. बाकीची वाचली. आणखी एक दिवस थांबला असता तर हात कायमचा आखडला असता."

हर्षिताच्या हातावर नवे प्लास्टर चढले. सोयराबाई तिची बोटे बघायला पुढे झाल्या, तशी पोरीने हात छातीशी ओढून घेतला. निवेदिताने तिला समजावले नाही. सोयराबाई तिथेच खाली मान घालून उभ्या राहिल्या. मला वाईट वाटायला हवे होते, पण वाटले नाही.

मित्रांनो, माझ्या भावंडांवर माया करू नका, हवे तर रोज शिव्या द्या. फक्त कोरडे ठेवा. आणि कधी हातून चूक झालीच, तर त्याच घटकेला सांगून टाका. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला येते.