खांद्यावरचे बोट

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. माझे काळे अंग आता पांढरट पडले आहे, पट्टा तुटला आहे आणि माझ्या पोटात बसणारी छोटी कॅसेट कुठल्याच दुकानात मिळत नाही. पण एके काळी मी तळहातात मावतो म्हणून शेजारीपाजारी मला बघायला यायचे. तेव्हाची ऐट अजून माझ्या अंगातून पुरती गेलेली नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. माझे बटण दाबले की मी चित्रण सुरू करतो आणि एकदा बारीक शिटी देतो. तेच बटण पुन्हा दाबले की थांबतो आणि दोनदा शिटी देतो. डोळा लावायच्या भिंगात इंग्रजी अक्षरेही उमटतात, पण ती वाचता यावी लागतात. ज्याला वाचता येत नाहीत, त्याने शिटी ऐकायची.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. सुरतेत एका हिरे व्यापाऱ्याकडे मी थोडे दिवस राहिलो. त्याला माझ्याहून मोठा कॅमेरा आवडला आणि माझी रवानगी जुन्या मालाच्या दुकानात झाली. तिथे काचेच्या कपाटात धूळ खात बसलो असताना, शहाण्णव सालच्या हिवाळ्यात, राघोभाऊ आले. त्यांच्या हातात काचेची बरणी होती आणि बरणीत एक निळा फायटर मासा होता.

राघोभाऊ मूळचे खानदेशातले. राहायला सुरतेतल्याच नवागामला आणि कामाला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात. तिथे दिवसभर इतका खडखडाट, की शेजारच्या कारागिराशीही ओठांच्या हालचालींवरून बोलावे लागे. बहुधा म्हणूनच त्यांना मासे आवडत. घरातल्या काचेच्या पेटीसमोर ते तासन्‌तास बसत. त्यांना माशांचे अगदी जवळून फोटो हवे होते, खवला न्‌ खवला दिसेल असे. सोबत आलेली त्यांची मुलगी उज्ज्वला हिचे लग्न ठरले होते, तिला घरातल्या माणसांची हलती चित्रे हवी होती. कॅमेरा मात्र एकच घ्यायचा होता.

दुकानदाराने आधी एक फोटोचा कॅमेरा पुढे केला. राघोभाऊंनी तो बरणीजवळ नेला. "फ्लॅश काच पे चमकेगा, अंकल," दुकानदार म्हणाला, "और इतने पास से साफ नहीं आएगा. रोल धुलने के बाद मत बोलना." मग माझा नंबर लागला. माझ्या भिंगापाशी जवळचे दिसण्याची एक कळ आहे. ती सरकवली आणि माशाचा डोळा भिंगभर दिसू लागला. राघोभाऊ हसले. उज्ज्वला माझ्यासमोर काहीतरी बोलली, मग टेप मागे फिरवून तेच ऐकायला तिने वडिलांच्या कानाला माझे इअरफोन लावले.

"बाबा, मना आवाज ऐकू येस का?"

"येस, येस," राघोभाऊ म्हणाले.

मित्रांनो, इअरफोन माझ्यात नीट खोचलेलेच नव्हते. त्यातून कसलाही आवाज येत नव्हता. ते मला कळले आणि वायरीचे मोकळे टोक दिसताच उज्ज्वलालाही कळले. तिने ते गुपचूप खोचून टाकले.

लूमने राघोभाऊंचे कान नेले होते. हे त्यांनी सगळ्यांपासून लपवले होते. शेटला कळले तर तो कामावरून काढेल आणि मंगलाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कळले तर लग्न तोंडावर असताना त्या हाय खातील, अशी त्यांना धास्ती होती. समोरच्याचे ओठ बघून ते बेमालूम उत्तरे देत. पाठीमागून मारलेली हाक मात्र वाया जाई. मग मंगलाबाई म्हणत, यांना माशांपुढे कोणी दिसतच नाही.

घरी आल्यावर माझी शिटी त्यांना ऐकू येईना आणि इंग्रजी अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती. मी सुरू आहे की बंद, त्यांना कळेना, आणि विचारायची तर सोय नव्हती. तेव्हा उज्ज्वलाने एक युक्ती केली. ते मासे टिपत असताना ती मागे उभी राहायची. माझी एक शिटी झाली की खांद्यावर एक बोट टेकवायची, दोन झाल्या की दोन बोटे. का, ते तिने सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. मला वाटे, बाप-लेकीचे हे बरे चालले आहे. पण लग्नाच्या दिवशी ती माझ्यासमोर असणार होती. मागे कोण उभे राहणार, या विचाराने माझा जीव खालीवर होत असे.

उज्ज्वलाचे मामा सुकदेव यांनी व्हिडिओवाला बोलवा म्हणून सुचवले होते.

"आपलं मशीन शे ना घरमा," राघोभाऊ म्हणाले, "भाडानं कसाले?"

लग्नाच्या सकाळी त्यांनी सवयीने माशांची पेटी टिपली, खांद्यावर उज्ज्वलाचे बोट अखेरचे घेतले आणि मला गळ्यात अडकवून मांडवात आले. जवळचे दिसण्याची कळ तशीच सरकवलेली राहिली. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागला, त्यांचा अंगठा बटणावर पडला आणि मी सुरू झालो. मी शिटी दिली. बँड जोरात होता. मी त्यांच्या पोटाशी लोंबकळत चपला, धोतरे आणि लुगड्यांचे काठ टिपत राहिलो. मग मंगलाष्टके आली. राघोभाऊंनी मला घाईने डोळ्याला लावले, बटण दाबले आणि मी बंद झालो. दोनदा शिटी दिली. अहो, मी थांबलो आहे, पुन्हा दाबा, असे ओरडावेसे वाटले, पण ओरडायला माझ्याजवळ ती एक शिटीच होती. अक्षता पडल्या, हार घातले गेले, सप्तपदी झाली. ते मला धरून उभे राहिले आणि मी आंधळ्यासारखा बघत राहिलो. सगळे उरकल्यावर त्यांनी समाधानाने बटण दाबले आणि मी पुन्हा सुरू झालो. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला कामरेजला सासरी होती. सुकदेवमामांनी माझ्या वायरी टीव्हीला जोडल्या. पडद्यावर पाय आले. धूसर काठ आले. पुन्हा पाय आले. मंगलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"एक बी अक्षता दिसनी नही."

सुकदेवमामा राघोभाऊंच्या समोर येऊन उभे राहिले. "भाऊजी, शिटी वाजस ना त्यानी. ऐकू नही उनी का?"

राघोभाऊंनी मान फिरवली. "मशीन बिघडी गयं," ते म्हणाले.

मला फार वाईट वाटले. मी बिघडलो नव्हतो. पण ते असे का म्हणाले, हेही मला ठाऊक होते. मामा म्हणाले, उद्याच हे दुकानदाराच्या तोंडावर फेकून येतो. त्यांनी वायर ओढायला हात घातला आणि तेवढ्यात पडदा एकदम स्वच्छ झाला.

उज्ज्वला वडिलांच्या पाया पडून उठत होती. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर आला होता आणि जवळचे दिसण्याची कळ सरकवलेलीच होती. माशाचे खवले दिसत तशी तिच्या पापणीचे ओले केस दिसत होते. ती वर बघून काहीतरी बोलली. मांडवात राघोभाऊंचे डोळे भरले होते, त्यांना तिचे ओठ दिसलेच नव्हते. आता दिसले.

"काय म्हनी राहिनी ती?" मंगलाबाईंनी विचारले. "बँडमा काहीच समजत नही."

राघोभाऊंनी ते मागे घ्यायला लावले. पुन्हा पाहिले. पुन्हा मागे घ्यायला लावले. घरात ते शब्द फक्त त्यांनाच वाचता येत होते. ते काहीही सांगू शकले असते. बाबा, तब्येत जपा, एवढे म्हणाले असते तरी सगळ्यांनी मान डोलावली असती आणि मी कायमचा बिघडलेला ठरलो असतो. माझी टेप तेवढी फिरत होती.

शेवटी ते मंगलाबाईंसमोर जाऊन बसले.

"ती म्हनस, बाबा, माले माहीत शे. आते आईले सांग. पुढे खांदावर बोट आईच ठेवी."

मग त्यांनी सगळे सांगितले. मंगलाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याचा चेहरा आपल्याकडे वळवून घेतला आणि सावकाश विचारले, "मी हाका मारू, त्या बी नही?" राघोभाऊंनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा मात्र त्या रडल्या.

मित्रांनो, यंत्र वापरल्यावर त्याच्या कळा जागच्या जागी ठेवा, धुळीत टाकू नका, एवढे मी माझ्यासाठी मागतो. पण घरात कोणी हाकेला ओ देत नसेल, तर आधी चिडू नका. समोर जाऊन उभे राहा.

माझी शिटी पुढे खरेच बंद पडली. तरीही राघोभाऊ मला पेटीसमोर धरत आणि मंगलाबाई मागे उभ्या राहत. शिटी नसली म्हणून त्यांचे काही अडले नाही. मंगलाबाईंनी माझी इंग्रजी अक्षरे ओळखायला शिकून घेतले होते. ते डोळा बाजूला घेत, त्या वाकून भिंगात बघायच्या आणि नवऱ्याच्या खांद्यावर एक बोट टेकवायच्या.