मधले तुकडे

"अगं, बाबांच्या तळ्यावरचं ते माशांचं खाद्य एकदा तपासून घे. मीच करून देते," प्रयोगशाळेत नोकरीला असलेली मैत्रीण म्हणाली, तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

"माझे बाबा चिमूटभर जिभेवर ठेवल्याशिवाय तळ्यात खाद्य टाकत नाहीत. तुझ्या यंत्रापेक्षा त्यांची जीभ तेज आहे."

"जिभेला शिसं कळत नाही, बाईसाहेब."

"बरं, बघू," म्हणत तिने विषय मिटवला. तिची लहान पोर तापाने कुरकुरत होती, तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

बाबा दुसऱ्याच्या मत्स्यतळ्यांवर राखणीला होते. आई गेल्यापासून बांधावरच्या खोलीत एकटेच राहायचे. मालक कुठूनसं स्वस्त खाद्य आणायचा, बाबा त्यात कोंडा कालवायचे. दर आठवड्याला दूधवाल्याच्या गाडीवरून नातीसाठी मासा यायचा. स्वच्छ धुतलेला, एकूणएक काटा काढलेला, फक्त मधले तुकडे.

तेच खाद्य घालणाऱ्या शेजारच्या तळ्यांचा माल विषारी ठरून बाजारातून परत आला, तेव्हा कुठे तिचं धाबं दणाणलं. तिने दूधवाल्याकडून गुपचूप थोडं खाद्य मागवलं आणि मुकाट्याने मैत्रिणीकडे पाठवलं. त्यात शिसं निघालं, कॅडमियमही निघालं. पोरीला काखोटीला मारून ती दवाखान्यात धावली. रक्ताचा अहवाल चांगला आला आणि ती जिन्यातच बसून रडली.

मालकाला कळवलं. "बघतो," म्हणाला. राहिले बाबा. खाद्य त्यांच्याच हातचं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी जिवाला लावून घेतलं असतं.

"बाबा, आता मासे नका पाठवू. पोरीला काटा लागला परवा."

फोनमधून तळ्यावरचा वारा ऐकू येत होता.

"काटा? माझ्या हातून?"

"राहिला असेल एखादा."

"हं. नजर अधू झाली खरी."

त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले. तिला ते जाणवलं, पण पोरीचे दात, पोरीचा खोकला, पोरीचं वजन यातून मान वर करायला तिला सवड कुठे होती?

शेवटी एका दुपारी ती न सांगता गेली. बाबा जेवायला बसले होते. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, घास तोंडापर्यंत नेताना बोटं थरथरत होती. ताटात माशाचं डोकं आणि कलेजी, बाजूला मधले तुकडे.

"हे काय, बाबा?"

"पहिल्यापासून हेच की. मधलं तुम्हाला, डोकं आणि कलेजी मला. आता मधलंही मीच संपवतो. टाकायचं कशाला? बस ना, उभी का?"

मैत्रीण म्हणाली होती, हे विष मांसात कमी उतरतं, कलेजीत साठत जातं. तेव्हा ते ऐकून तिला केवढं हायसं वाटलं होतं! पोर कुणाच्या वाट्यावर वाचली, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिने सगळं सांगितलं. बाबांनी ताट हलकेच दूर सारलं.

"पोर?"

"ठणठणीत आहे."

"मग तो काटा?"

"खोटं बोलले मी."

बाबांनी मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल पडला.

"म्हणजे काटा राहिला नव्हता. मी आपला नजर तपासायला रोज दिव्यापाशी बोटं धरून बघत होतो."

"बाबा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"येतो. यांची वेळ झालीय, तेवढं बघून येतो."

बांधावर त्यांची पावलं वाजताच पाणी खळबळलं. शेकडो तोंडं वर आली, उघडमीट करू लागली. बाबांनी खाद्याच्या पोत्याकडे पाहिलं नाही. दोन्ही रिकामे तळवे पाण्यावर पसरून ते उभे राहिले, दारी आलेल्या भुकेल्याची माफी मागावी तसे.

तुमचंही कुणी असं लांब, एकटं जेवत असेल. "बरं आहे" हे फोनवर सगळेच म्हणतात. एकदा जेवणाच्या वेळी, न सांगता जा. त्यांच्या ताटात काय आहे, ते बघून या.