आत्याचे अठरा फटके

टिटवीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटाशिवाय कुणी घेत नसे. बोलायला लागली की ती थांबत नाही, म्हणून आत्यानेच तिला टिटवी हे नाव ठेवलं होतं, आणि ते असं चिकटलं की आईसुद्धा "टिटवे, जेवायला ये" अशीच हाक मारायची. टिटवीला त्याचं काही वाटत नसे. टिटवीने समुद्र आटवला म्हणतात. कोकिळेने काय आटवलं?

आत्या मात्र कमी बोलायची. गावाबाहेरच्या गोल्फच्या मैदानावर ती बावीस वर्षं गवत राखायच्या कामाला होती. रोज पहाटे ती कापणीचं यंत्र बाहेर काढायची आणि भोकाभोवतीचं गालिच्यासारखं गवत, ज्याला सगळे ग्रीन म्हणतात, ते पट्ट्यापट्ट्यांनी कापायची. मग जुनं भोक बुजवून ग्रीनवरच दुसरीकडे नवं पाडायची. खेळणारे यायच्या आत ती झाडांपलीकडच्या अवजारांच्या खोलीत गेलेली असायची. बावीस वर्षांत तिने स्टिक हातात धरली होती ती फक्त पुसण्यासाठी.

आणि यंदा, एक्कावन्नाव्या वर्षी, तिने नाव दिलं!

दरवर्षी हंगाम संपला की मैदानावरच्या कामगारांचा एक सामना व्हायचा. तीनच भोकं. अठरा किंवा त्याहून कमी फटक्यांत जो तिन्ही संपवेल त्याला हिरवं कार्ड, म्हणजे पुढचं वर्षभर दर सोमवारी, मैदान बंद असताना, तिथे खेळायचा हक्क.

"ताई, ह्या वयात?" टिटवीचे बाबा म्हणाले. "कंबर धरली तर?"

"बावीस वर्षं ते गवत मी वाकून बघितलं," आत्या म्हणाली. "एकदा उभं राहून बघायचंय."

ह्यावर बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. टिटवीने मात्र ते वाक्य मनात गाठ मारून ठेवलं आणि त्याच क्षणी ठरवलं, की सामन्यात आत्याची स्टिकांची पिशवी आपणच उचलायची.

मैदानावरचे सर नवशिक्या कामगारांना सहा सोमवार फुकट शिकवायचे. पहिल्या सोमवारी त्यांनी आत्याला हात कसे धरायचे, पाय किती फाकायचे, नजर कुठे ठेवायची ते दाखवलं. आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं, स्टिक वर नेली आणि अशी हाणली की चेंडू जागचा हलला नाही, पण बशीएवढं गवत मातीसकट उडून सरांच्या बुटावर बसलं.

"झकास!" मागून ट्रॅक्टरकाका ओरडले. ते मोठ्या मैदानाचं गवत ट्रॅक्टरने कापायचे, त्यांनीही नाव दिलं होतं, आणि दुसऱ्याची फजिती हे त्यांचं जीवनसत्त्व होतं. "बाई, चेंडू पांढरा असतो. हिरवं ते गवत!"

आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने सरांच्या बुटावरून तो तुकडा उचलला, खड्ड्यात बसवला, कडा बोटांनी जुळवल्या, वरून तळव्याने दाबला आणि खिशातून चिमूटभर रेती काढून फटींत भरली. दुसरा फटका, पुन्हा तेच. तिसरा, पुन्हा तेच. अर्ध्या तासात तिने सात वेळा स्टिक फिरवली आणि सात वेळा मैदान दुरुस्त केलं.

"आत्याबाई," सर शेवटी हात जोडून म्हणाले, "आपल्याला चेंडू मारायचाय. लागवड नाही करायची."

"उखडलेलं तसंच ठेवलं तर दुपारपर्यंत मरतं हो ते."

"आणि तुम्ही असंच वाकत राहिलात तर सामन्यापर्यंत मी मरेन."

टिटवी तोवर बाजूला उभी राहून सल्ले देत होती. कोपर सरळ, आत्या! मान नको हलवूस! आता श्वास घे! चेंडू तिनेही कधी मारला नव्हता, पण सल्ल्याला चेंडू लागत नाही. सरांनी खिशातून खेळाच्या नियमांचं छोटं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. "हे वाच. तेवढा वेळ तरी तोंड बंद राहील."

त्यांना काय ठाऊक! टिटवीने ते पुस्तक आठवड्याभरात पाठ केलं आणि मग घरात नियमांचा असा पाऊस पाडला की आईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

घरी सरावाला जागा म्हणजे बाहेरच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतचा बोळ. तिथे पाण्याचा पेला आडवा ठेवून आत्या चेंडू घरंगळवायची. आधी एक वीत अंतरावरून. वीस वेळा चेंडू आत गेला, की मग दोन विती, मग तीन. एखादा हुकला की पुन्हा एक वितीपासून सुरुवात! टिटवीला हे बघवेना.

"अगं आत्या, सगळे आधी लांब मारायला शिकतात. तू उलटीच!"

"भोक कुठेय ते मला माहितीय. तिथूनच मागे येते. वाट चुकणार नाही."

टिटवीने घरंगळलेला चेंडू उचलून आत्याच्या पायाशी ठेवला. तिने सल्ल्याशिवाय नुसती मदत करणं ही घरात अशी दुर्मीळ गोष्ट होती की बाबांनी पेपरावरून डोकं वर काढून खात्री करून घेतली.

चौथ्या सोमवारी सर सगळ्यांना ग्रीनवर घेऊन गेले, आणि तिथे मात्र टिटवीने जे बघितलं ते ती दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला दोनदा सांगणार होती. सरांनी चेंडू ठेवला आणि विचारलं, "कुठे वळेल?" ट्रॅक्टरकाका गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला, स्टिक हवेत धरली आणि म्हणाले, "डावीकडे." आत्या उभीच होती. "आधी डावीकडे," ती म्हणाली, "आणि भोकाजवळ जरासा उजवीकडे. दव पडलं की पाणी इथून जातं, तिथे थांबतं, आणि त्या कोपऱ्यातून उतरतं. जिथे पाणी थांबतं तिथे गवत जाड."

सरांनी चेंडू मारला. तो डावीकडे गेला, आणि भोकाजवळ, कुणीतरी कानात सांगितल्यासारखा, जरासा उजवीकडे वळला.

सरांनी चेंडू उचलला. "मी ह्या मैदानावर दहा वर्षं खेळतोय," ते म्हणाले. "तुम्ही ते वाचताय."

आत्या लाजली! टिटवीने जन्मात तिला लाजताना पाहिलं नव्हतं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल.

सहाव्या सोमवारपर्यंत आत्याचे लांबचे फटके बरे म्हणावेत इतपत झाले. चेंडू फार लांब जायचा नाही, पण सरळ जायचा, शाळेत निघालेल्या गुणी मुलासारखा. ट्रॅक्टरकाकांचा दूर जायचा, आणि बहुतेक वेळा झुडपात.

सामन्याच्या सकाळी आत्याने भोकं पाडायला नकार दिला. "मीच पाडायची आणि मीच खेळायचं, हे बरं दिसत नाही." दुसऱ्या कुणीतरी ती पाडली. दोघादोघांच्या जोड्या होत्या, प्रत्येकाने दुसऱ्याचे फटके मोजायचे, आणि आत्याच्या नशिबी जोडीला आले ट्रॅक्टरकाका.

"बाई, अंक अठरापर्यंत येतात ना मला, तेवढं तपासून घ्या."

"अहो ट्रॅक्टर, तुमचे मोजायचे तर मला शंभरापर्यंत यायला हवेत."

टिटवी पिशवीसकट हसत सुटली. आत्याने चक्क टोमणा मारला होता!

पहिलं भोक सहा फटक्यांत. दुसरंही सहात. बारा झाले, आणि तिसरं सगळ्यांत जवळचं. टिटवीने बोटांवर हिशेब केला. सहा उरलेत, सहा! पहिला फटका अर्ध्या वाटेवर थांबला. दुसरा छान उचलला गेला आणि ग्रीनच्या कडेला, जरा उंच गवतात जाऊन बसला. चौदा. आता एक हलका फटका ग्रीनवर, मग भोकात. दोन नाही तर तीन. कार्ड जवळजवळ खिशातच!

काका आपला चेंडू झुडपात शोधत होते, आणि झुडपाशी त्यांचं बोलणं लिहून ठेवण्यासारखं नव्हतं. सर दूर पलीकडे निशाण धरून उभे होते. आत्या चेंडूपाशी गेली. चेंडूच्या अगदी मागे, कुणाच्या तरी आधीच्या फटक्याने उखडलेला गवताचा एक गड्डा कान टवकारून उभा होता.

आत्या वाकली, तो नीट बसवला, कडा जुळवल्या, तळव्याने दाबला. मग हात झटकून स्टिक घेतली.

टिटवीने पिशवी खाली ठेवली. पुस्तकाचं ते पान तिच्या डोळ्यांपुढे उघडलं, डाव्या बाजूचं, खालून तिसरी ओळ. चेंडूच्या मागची जमीन दाबून आपला फटका सोपा करून घेतला तर दोन फटके दंड.

कुणी पाहिलं नव्हतं. काका झुडपात, सर लांब. आत्याला नियम माहीतच नव्हता, तिच्या हातांनी बावीस वर्षांच्या सवयीने ते केलं होतं, तिच्या डोक्याला न विचारता. टिटवीने फक्त गप्प बसायचं होतं. जन्मभर सगळे तिला तेच तर सांगत आले होते.

आत्याने स्टिक मागे न्यायला सुरुवात केली.

"आत्या, थांब."

"काय गं?"

"तू गवत दाबलंस."

"उखडलं होतं ना."

"चेंडूच्या मागचं दाबायचं नसतं. नियम आहे." टिटवीचा आवाज इतका बारीक झाला की तिचा तिलाच ओळखू येईना. "दोन फटके दंड."

आत्याने स्टिक खाली केली. मग तिने विचारलं, "कुणी पाहिलं?"

"मी."

"मग पाहिलं ना कुणीतरी."

"मी सांगून येते सरांना..."

"दाबलं मी. तू कशाला हेलपाटा घालतेस?" आणि ती स्टिक टिटवीच्या हाती देऊन, ग्रीनला वळसा घालून, सरळ सरांपाशी गेली. तिच्या चालण्यात काही फरक नव्हता. रोज पहाटे यंत्रामागे चालते तशीच चालली. टिटवीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, आणि ते वाईट वाटल्याचं होतं की अभिमानाचं हे तिला धड ठरवता येईना.

"मला दिसलं नव्हतं," सर म्हणाले.

"म्हणून तर सांगायला आले."

चौदाचे सोळा झाले. काका झुडपातून बाहेर आले, केसांत दोन पानं, आणि सरांनी त्यांना झालेलं सांगितलं. त्यांनी फटके मोजायच्या कार्डावर सोळा लिहिलं.

आत्याने हलकेच फटका मारला. चेंडू ग्रीनवर घरंगळत भोकापासून चार पावलांवर थांबला. सतरा.

आता एकच. तिने भोकाकडे पाहिलं, मग पाण्याच्या त्या वाटेकडे, जी तिच्याशिवाय कुणालाच दिसत नव्हती. चेंडू निघाला. डावीकडे गेला, उजवीकडे वळला, भोकाच्या ओठावर आला, आणि थांबला. अर्धा आत, अर्धा बाहेर.

काका पुढे सरसावले. "हात लावू नका!" टिटवी किंचाळली. "दहा सेकंद थांबता येतं, तेवढ्यात आत पडला तर फटका वाढत नाही! नियम आहे!" आणि ती मोठ्याने मोजायला लागली. एक. दोन. काका वाकून चेंडूवर फुंकर घालायच्या बेतात होते, सरांनी त्यांची कॉलर धरली. सहा. सात. टिटवीला वाटलं, जरा सावकाश मोजावं. आत्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं. आठ. नऊ. दहा.

चेंडू हलला नाही. आत्याने पुढे होऊन त्याला बोटभर ढकललं. एकोणीस.

काकांचे सतरा झाले होते. हिरवं कार्ड हातात घेऊन ते घसा खाकरत आले. "बाई, ह्याच्यावर एक जोडीदार आणता येतो. सोमवारी साडेसहाला या. उशीर केलात तर थांबणार नाही."

"तुमच्या कार्डावर नको," आत्या म्हणाली. "माझ्या कार्डावर मीच तुम्हाला आणेन. पुढच्या वर्षी."

"पुन्हा नाव देणार?" काका म्हणाले.

"गवत कापलं म्हणून उगवायचं थांबतं का?"

काकांनी टोपी काढली. गंमत म्हणून नाही, खरंच काढली.

टिटवीने पिशवी उचलली. शेवटी तिला राहवेना. "मी बोलले नसते तर सतरा झाले असते, आत्या."

"झाले असते. आणि दर सोमवारी मी त्या कडेने खाली मान घालून गेले असते." आत्याने तिचा कान हलकेच ओढला. "उभं राहून बघायचं होतं ना मला. बघितलं."

ती फाटकाकडे वळायच्या ऐवजी पुन्हा ग्रीनच्या कडेला गेली. इतक्या पायांनी तो गड्डा पुन्हा सुटला होता. तिने खिशात हात घालून चिमूटभर रेती काढली, आणि वाकता वाकता थांबून, अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं,

"काय गं नियमवाले, आता दाबलं तर चालेल ना?"