नाव न विचारणारा टेप

मी एक जुना टेप आहे. कॅसेट वाजवणारा, वर धरायची कडी असलेला, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. जुना म्हणवून घ्यायची मला लाज नाही, मित्रांनो. लाज वाटते ती माझ्या शेजाऱ्यांची. नारीनच्या डोंगरात बातमाआजीचं घर आहे. तिथं भिंतीशी एक लाकडी पेटी, पेटीवर रजयांची चळत, आणि पेटीच्या तळाशी कित्येक वर्षं मी. माझ्या उरावर माझ्यानंतर आलेले माझेच सुधारलेले अवतार. सुधारलेले हा त्यांचा शब्द, माझा नव्हे.

पहिली आली ती चकतीवाली. चपटी, चकचकीत, नाकापेक्षा मोती जड असा तिचा तोरा. बातमाचा मुलगा तिला घेऊन घोड्यावर बसला. घोडं दुडक्या चालीनं निघालं तशी बाईसाहेब गाण्यातले शब्द गिळायला लागल्या. घोड्यावर बसता येत नाही, आणि म्हणे कुठंही बरोबर न्यायचं यंत्र. मी खोगिराला लटकून खिंड ओलांडली आहे. एकदा ओढ्यात पडलो, उन्हात वाळलो आणि संध्याकाळी पुन्हा वाजलो. ती मात्र तेव्हापासून पेटीत पडून आहे.

मग आला तो मेंढीच्या लेंडीहून जेमतेम मोठा. पोटात म्हणे हजार गाणी. असतील. तो स्वतःच गवताच्या गंजीत हरवला आणि हिवाळ्यात गाईच्या वैरणीत सापडला. तोवर त्याची कुणाला आठवणसुद्धा झाली नव्हती. हजार गाणी गेली आणि घरात एक माणूस हळहळलं नाही, यावरून काय ते समजा.

फोनबद्दल काय बोलायचं? गाणं रंगात आलं की हा मध्येच किंचाळतो, आणि पलीकडून कुणीतरी विचारतं, जेवलात का.

माझी गोष्ट वेगळी. बाल्ताबेक लोकर विकायला शहरात आले होते. दुकानात त्यांनी मला उचललं, मेंढीचं वजन पाहतात तसं हातात तोललं, आणि दुकानदाराला म्हणाले, "हा टिकेल." माझ्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी. नंतर उन्हाळाभर त्यांच्या तंबूत माझा मान असा होता की शेजारचे लोक घोडीचं दूध घेऊन यायचे ते माझ्यासाठी, बाल्ताबेक समजायचे त्यांच्यासाठी.

बातमा त्यांची सून. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही, त्या नावात आलेला शब्दही काढत नाही. बाल्ता म्हणजे कुऱ्हाड. म्हणून त्या घरात आल्यापासून बातमानं कुऱ्हाडीला कधी कुऱ्हाड म्हटलं नाही. "लाकडं फोडायचं ते द्या जरा," असं म्हणायची. शेजारणी मुद्दाम छळायच्या. "काय गं, कशानं फोडतेस लाकडं?" तीही खमकी. "दातांनी," म्हणायची.

बाल्ताबेकांच्या शेवटच्या उन्हाळ्यात तिनं मला खोगिरावर ठेवलं आणि लाल बटण दाबलं. ते कोमुझ वाजवत होते. कोमुझ म्हणजे तीन तारा आणि एक ओंडका, पण त्यांच्या मांडीवर तो बोलायचा. मी सगळं पोटात घेतलं. कोमुझ घेतला, चुलीवरची किटली घेतली, बाहेर भुंकणारं कुत्रं घेतलं. वाजवणं संपल्यावर ते खोकले आणि सुनेला आशीर्वाद दिला, तोही घेतला. निवड करणं मला येत नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. बातमानं त्या कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडून टाकला, म्हणजे कुणी चुकूनही तिच्यावर दुसरं काही भरणार नाही. मग एक दिवस माझ्या आतलं फीत फिरवणारं रबर कुजलं, आणि पेटी उघडून मला तिच्यात घालण्यात आलं. शाबासकी देणारे गेले की असंच होतं.

तर आता त्या दिवसाबद्दल ऐका. बातमाची नात जार्किन, हिचं लग्न ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलाकडचे लोक येऊन तिला तलासला नेणार होते. तिचे आईबाप रशियात कामाला, त्यांना रजा मिळाली नव्हती. पाहुण्यांसाठी रजया काढल्या होत्या, पेटीचं झाकण उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

"आईबाप नाहीत तर नाहीत," बातमा म्हणाली. "पण घरातून निघण्याआधी थोरल्यांचा आशीर्वाद हिच्या कानावर पडलाच पाहिजे. त्याशिवाय मी हिला उंबरा ओलांडू देणार नाही."

"आजी, पणजोबांचा कोमुझ वाजला की आशीर्वादच तो, त्याची सोय केलीय मी," तिलेक म्हणाला. तिलेक म्हणजे जार्किनचा भाऊ, बिश्केकमध्ये असतो. तो वसंतातच ती कॅसेट नेऊन, त्यातलं सगळं उतरवून घेऊन आला होता. आता त्यानं पिशवीतून एक गोल डबा काढला. ना कडी, ना बटण, ना कॅसेटला तोंड. नुसतं गोलमटोल गाठोडं. "हा अगदी नवा आहे. उतरवलेलं यात भरलंय, आणि आतून एक बाई बोलते. हिला फक्त नाव सांगायचं. कुणाचं हवंय ते बोललीस की वाजलंच म्हणून समज." एवढं सांगून तो तंबू ठोकायला बाहेर गेला.

बातमा पाहुण्यांसाठी तळायच्या बोरसोकची कणीक मळत होती. तिनं दाराकडे पाहिलं, खोलीत कुणी नाही याची खात्री केली, आणि डब्याला म्हणाली, "ऐक गं. आमच्या थोरल्यांचं लाव."

"समजलं नाही. कृपया नाव सांगा." नाक चोंदलेल्या पोरीचा आवाज.

"या घरचे थोरले. कोमुझ वाजवायचे ते."

घर एवढंच त्या बयेला कळलं असावं. बिश्केकमधल्या नव्या फ्लॅटची जाहिरात सुरू झाली, हप्त्याच्या सोयीसकट.

"फ्लॅट नको गं बाई. माझ्या नवऱ्याचे वडील."

"कृपया नाव सांगा."

"तुला कुणी वळण लावलं नाही का? मोठ्या माणसांची नावं अशी विचारतात?"

मला पेटीत हसू आवरेना. यांना म्हणे जगातली सगळी गाणी येतात. सुनेसमोर सासऱ्याचं नाव विचारू नये, एवढं येत नाही. मी आयुष्यात कुणाला नाव विचारलेलं नाही. कॅसेट घाला, बटण दाबा, संपलं.

जार्किन दारात उभी राहून ऐकत होती. ती पोट धरून हसत आत आली. "आजी, थांब, मी सांगते. मला कुठं बंदी आहे? बाल्ताबेक पणजोबा."

आणि कोमुझ वाजला. खोटं बोलणार नाही, स्वच्छ होता. धुऊन वाळत घातल्यासारखा. किटली नाही, कुत्रं नाही. बातमाचे कणकेचे हात तसेच हवेत राहिले. शेवटची तार थांबली, बातमानं मान पुढं केली, आणि ती चोंदलेली म्हणाली, "आणखी काही ऐकायचंय का?"

"अगं, बोलणं कुठाय?" बातमा म्हणाली. "खोकले की लगेच बोलतात ते. तिलेक! इकडे ये आधी."

तिलेक हातोडा घेऊनच आला. "बोलणं? आजी, मागं बराच गोंगाट होता. किटली काय, कुत्रं काय, कुणीतरी खोकत होतं. तो सगळा काढून टाकला. फक्त वाजवणं ठेवलं. म्हटलं, आजीला छान ऐकू येईल."

"खोकल्यानंतर काय होतं ते ऐकलंस?"

तिलेकनं हातोडा खाली ठेवला. "नाही ऐकलं."

"थोरल्यांना गोंगाट म्हणून कापलंस होय रे?"

पोरगं कानापर्यंत लाल झालं. मला त्याची दया वगैरे आली नाही. मग सगळ्यांना माझी आठवण झाली. कशी झाली पाहा, अडल्यावर. तिलेकनं मला पेटीतून उपसलं, झाकण उघडलं, आणि कुजलेल्या रबराचा काळा चिकटा त्याच्या बोटांना लागला. "रबर गेलंय, आजी. आता याचं रबर उद्यापर्यंत कुठून आणू?"

जार्किनच्या बारीक बारीक वेण्या सोडायला घेतल्या होत्या. लग्न झालं की पोरीच्या त्या वेण्या जातात आणि दोन राहतात. तिनं एका वेणीच्या टोकाचं पातळ रबर काढून भावापुढं धरलं. "हे बघ बसतंय का." बसलं. जरा सैल, पण बसलं. बॅटरीतले सेल माझ्या पाठीत गेले. कॅसेट आत आली. मला भीती वाटत होती, मित्रांनो, हे कबूल करतो. इतकी वर्षं नावं ठेवल्यावर आता मीच खरखरून बंद पडलो असतो, तर त्या डब्यानं माझी काय लाज काढली असती.

वाजलो. पहिल्यांदा अडखळलो, मग सावरलो. किटली. कुत्रं. कोमुझ. मग खोकला. आणि बाल्ताबेक.

"पोरी, हात पुढं कर. तुझी चूल विझू नये. तुझ्या दारातून कुणी उपाशी जाऊ नये. तुझ्या लेकीबाळी जिथं जातील तिथं त्यांचं पाणी गोड होवो. ओमिन." जार्किननं दोन्ही तळवे उघडून समोर धरले होते. ओमिन, म्हणजे तसंच होवो, हे ऐकताच तिनं ते तोंडावरून फिरवले. तिला हुंदका फुटला. आशीर्वाद पोचला. बातमाला हवं होतं ते झालं.

पण मी थांबलो नाही. मला कुठं कापता येतं?

"आणखी एक," बाल्ताबेक म्हणाले. "तू मला नावानं बोलवत नाहीस. बरोबर आहे, रीत आहे. पण माझी म्हातारी गेली, जोडीदार गेले. पोरांना मी बाबा, नातवंडांना आजोबा. नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नाही गं. मी गेल्यावर तरी एकदा घे." मग थोडा वेळ नुसती किटली, आणि तरुण बातमाचा खाली पडलेला आवाज. "चहा निवतोय, बाबा." मग टक्. पुढं कोरी फीत.

"मग घेतलंस का, आजी?" जार्किननं विचारलं.

"नाही." बातमानं पदरासारखा बांधलेला रुमाल सारखा केला. "किती वेळा ओठांपर्यंत आलं. घरात नेहमी कुणीतरी असायचं. लहानांसमोर घ्यावं तर त्यांना काय वळण लागणार? थोरांसमोर घ्यावं तर लाज. कबरीपाशी गेले, तर तेच समोर." आणि ती म्हणाली, "जार्किन, ते लाल बटण दाब."

बटण दबेना. पाठीवरचा तुकडा तिनंच मोडला होता ना. तिलेक फोन काढून म्हणाला, "थांब, यात घेतो." फोननं सांगितलं, जागा नाही. लग्नाचे फोटो भरले होते. मग त्याच तिलेकनं परातीतल्या कणकेची गोळी करून कॅसेटच्या भोकात दाबली. हे एक त्याला बरं सुचलं. लाल बटण बसलं आणि माझी फीत फिरायला लागली.

बातमा नातवंडांकडे पाहीना. माझ्याकडेही पाहीना. तिनं त्या गोल डब्याकडे तोंड केलं. "ही बाई बरी," ती म्हणाली. "हिला ना सासर ना माहेर. मघापासून नाव विचारतेय. सांगते." आणि तिनं सांगितलं, जेमतेम ऐकू येईल असं. "बाल्ताबेक."

"समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

मला संताप आला. जे नाव या बाईनं अख्खा संसार तोंडात धरून ठेवलं, ते बाहेर आलं, आणि या मठ्ठ डबड्याला ऐकू आलं नाही. पण बातमा हसली. तिचे गाल ओले झाले होते आणि ती हसत होती. "बहिरी आहेस का गं? बाल्ताबेक म्हटलं. बाल्ताबेक!" बाहेरच्या तंबूपर्यंत गेलं असेल. मग कोमुझ वाजायला लागला.

आता मी तलासला जार्किनच्या खिडकीत असतो. वेणीचं रबर अजून टिकून आहे. इथं जार्किनसुद्धा सासऱ्याचं नाव घेत नाही. डबा तिकडे बातमापाशी राहिला, आणि ती त्याच्याशी गप्पा मारते असं ऐकतो. मारो बापडी. त्या चोंदलेलीचा आवाज माझ्या फितीवर कायमचा बसलाय, त्यालाही माझा इलाज नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, असं मी तुम्हाला विनवणार नाही. तुम्ही नव्याच्या मागं धावणार, हे मला ठाऊक आहे. धावा. फक्त घरातल्या कुणाचा आवाज गोंगाट म्हणून काढण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका. जार्किन ती कॅसेट लावते तेव्हा बाल्ताबेक म्हणतात, मी गेल्यावर तरी एकदा घे. चहा निवतो. टक्. आणि लगेच बातमा त्यांचं नाव घेते.